भट्टीची लाईन

रेइनो कांगासच्या अंगणात ट्रक उभा आहे,
नवा, निळा, उपाशी.
गॅरेजमधल्या साध्या सॉकेटला
तीन दिवस लावून ठेवलाय म्हाताऱ्यानं,
मोबाइल लावावा तसा.
"एक्केचाळीस टक्के," म्हणतो,
"एवढ्या वेळात मी पूर्वी अर्धं जंगल तोडायचो."

मी सांगते : एकशेवीस व्होल्ट, बारा अँपिअर,
म्हणजे चमच्यानं हौद भरणं.
त्यात सुपिरियर सरोवरावरून येणारा हा वारा, उणे बावीस.
निम्मी वीज तर बॅटरी
स्वतःचेच हात शेकायला घेते.

तळघरात पॅनेल. शंभर अँपिअरचं,
माझ्याहून वयानं मोठं.
झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहिलेलं, गोल अक्षर :
शेगडी. ड्रायर. विहिरीचा पंप.
आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित, भट्टी.
"आइलीचं अक्षर," तो म्हणतो
आणि वर बघतो, जिथं नुसते पाइप आहेत.

गुडघ्यावर कागद ठेवून मी बेरीज करते.
साउना लाकडावर आहे हे नशीब,
नाहीतर बेरीज उंबऱ्यातच अडली असती.
तरी शंभराच्या पुढे जातेच.
दोनशेची सर्व्हिस घ्यायची तर नवा मीटर,
खांबापासून जाड केबल, जमिनीत चर,
आणि जमीन आत्ता लोखंड आहे.
वीज कंपनी मे महिन्यातली तारीख देते.
तो मे हा शब्द असा उच्चारतो
जणू ते दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यात येणार आहे.

मग मी भट्टीची तार चाचपते.
तांब्याची, चांगली जाड, साठ अँपिअरचा ब्रेकर.
साठातले अठ्ठेचाळीसच सतत ओढायचे,
ऐंशी टक्के, असा नियम आहे आमचा.
असेल तेवढं सगळं रात्रभर ओढत राहिलं
की तार आतून भाजते, बाहेर काही दिसत नाही.
"माणसांना हा नियम कुणी सांगत नाही," रेइनो म्हणतो.
मी पक्कड शोधत असल्याचं दाखवते.

अठ्ठेचाळीस अँपिअर, दोनशेचाळीस व्होल्ट :
संध्याकाळी सातला लावा, सकाळी न्याहारीला ट्रक भरलेला.
खणायला नको, मे नको.
"भट्टी चालू असते का?" मी विचारते.

तो झाकण उचलतो.
आत तीन थरांत वाट्या, बशा, एक बुटका चंबू,
सगळं कच्चं, राखी, वाळून हलकं झालेलं.
आइलीनं भरून ठेवलेलं. दोन हिवाळ्यांपूर्वी.
बटण दाबायचं राहिलं होतं.

मी वायरमन आहे. मला मातीतलं काही कळत नाही.
पण स्विच सुचतो मला : एक लाईन, दोन तोंडं,
एका वेळी एकच जेवेल.
भट्टी चालू तर ट्रक बंद, ट्रक चालू तर भट्टी.
साडेतीन तास लागले बसवायला,
मध्ये त्यानं कॉफी दिली, वेलचीचा गोड पाव दिला,
आणि एकदा टॉर्च धरला, थरथरता.

"आज रात्री आधी कोण?" मी खटक्यावर हात ठेवून विचारलं.
त्यानं चष्मा पुसला.
"ट्रकला सवय आहे थांबायची," म्हणाला.

खटका भट्टीकडे गेला. आत वेटोळी हळूहळू लाल झाली,
मीटरची चकती वेड्यासारखी फिरली,
आणि बाहेर एक लाख डॉलरांचा ट्रक
बर्फात एक्केचाळीस टक्क्यांवर बसून राहिला.

वाट्या कशा निघाल्या ते मला ठाऊक नाही.
भट्टी गार व्हायलाच आणखी एक दिवस जातो म्हणे,
आणि मला त्या दिवशी फिनलंडमध्ये
म्हणजे आमच्या गावाबाहेरच्या त्या नावाच्या रस्त्यावर
पंप दुरुस्तीला जायचं होतं.

पण इन्स्पेक्टरचा फॉर्म मीच भरला.
त्यात एक रकाना आहे :
जुनं उपकरण, वापरात आहे / नाही.
काळ्या पेनानं, जरा दाबूनच,
मी खूण केली.
आहे.