ऑक्स

ॲम्प्लिफायर भिंतीपासून वीतभर पुढे ओढला
तेव्हा मागून निघालं चार आण्याचं नाणं,
एक वाळून पापड झालेली पाल,
आणि विद्याधरच्या अक्षरातली चिकटपट्टी:
उजवा स्पीकर. हात लावू नये.

प्रभंजननं लावला नाही.
नाव वादळाचं, पण माणूस असा
की चमचासुद्धा विचारून घेतो.
दीड वर्ष झालं, हे घर त्याचंही आहे.

तो गुडघ्यांवर, टॉर्च माझ्या हातात.
त्यानं मागची भोकं वाचून दाखवली:
फोनो, ट्यूनर, टेप, ऑक्स.
फोनो रिकामं होतं. रेकॉर्ड प्लेअर मीच विकला होता,
त्या वर्षी काय काय विकलं.
"इथे लाव ना कॉम्प्युटर."
"नको. ती सुईची जागा.
सुई इतकं हळू बोलते की तिच्यासाठी
हा कान टवकारून बसलेला असतो.
तिथे आपण गेलो तर नुसता आरडाओरडा."
"मग ऑक्स म्हणजे कोण?"
"इतर," तो म्हणाला. "नंतर जे कोणी येईल ते."
उजेड सगळा भोकांवर होता,
तो हसला की नाही, मला दिसलं नाही.

लॅमिंग्टन रोडवरून दोन वायरी आणल्या,
एका टोकाला एकच पिन, दुसऱ्या टोकाला लाल, पांढरी.
लाल उजवीकडे, एवढं मला आधीपासून येतं.
हिरव्यातून आवाज बाहेर, निळ्यातून आत.
मी घाईत गुलाबी भोकात खुपसली
तर कॅसेटमधला तबला पत्र्यावर पडल्यासारखा फाटला.
"ते माइकचं," प्रभंजन म्हणाला,
आणि वायर स्वतः न काढता
मी काढेपर्यंत थांबला.

मग सगळं जागच्या जागी. तरी घरघर.
गाणं नसतानाही, आवाज शून्यावर असतानाही,
कपाटाच्या मागून सलग, खालच्या पट्टीतली घरघर.
हा शब्द मी एकदा डॉक्टरच्या तोंडून ऐकला आहे,
काचेच्या दारापाशी, पहाटे.
मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कोथिंबीर निवडली.

हातिमभाईंना फोन.
"कॉम्प्युटरचा प्लग कुठे?"
"खिडकीजवळ."
"आणि मशीनचा?"
"पलंगाच्या बाजूला, जुन्या पॉइंटवर."
"मग बरोबर आहे, मॅडम.
दोन जागेवरून अर्थ आला की ते आपसात भांडतात.
एका बोर्डावर घ्या."

घेतलं.
पलंगाखालून तीन मीटरची एक्स्टेंशन, त्यावर दोन्ही प्लग शेजारी शेजारी,
मधे मोबाइलचा चार्जर.
घरघर गेली.
इतकी शांतता झाली
की खालच्या मजल्यावरच्या दाभोळकरांचं मिक्सर कळलं.

कॅसेट साठ मिनिटांची असेल
तर आत जायला साठ मिनिटंच लागतात,
त्यात घाई चालत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
पडद्यावर हिरव्या पट्ट्या वरखाली.
हॅलो. एक, दोन. येतंय का?
एकतीस वर्षांचा विद्याधर,
माझ्या धाकट्या भाच्याहून लहान.
मागे मी कुणालातरी म्हणते आहे, दूध उतू जाईल.
प्रभंजननं आवाज कमीही केला नाही, वाढवलाही नाही,
फक्त पट्टी लाल होऊ नये म्हणून
बाण धरून बसला.

मग टेपवरून विमान गेलं.
पार्ल्याला जातंच, तेव्हाही जायचं,
विद्याधर बोलता बोलता थांबतो, ते जाऊ देतो,
हं, तर काय म्हणत होतो.
तेवढ्यात खरंच एक गेलं, आत्ताचं,
खिडकीच्या काचा थरथरल्या.
मी प्रभंजनकडे बघितलं: हे पण आत गेलं?
त्यानं मान हलवली.
आत वायरच आहे, हवा नाही.
तिच्यातून फक्त जुनंच विमान जातं.

बाजू अ संपली.
फाइलला नाव काय देऊ, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, आधी चहा टाक.
कप कुठले घेऊ, हे या वेळी
त्यानं विचारलं नाही.