तीन की आठ

टॉडमॉर्डनला नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
दुकानाचं शटर ओढून, कालवा ओलांडून
मी हेडली अटलीच्या स्वयंपाकघरात आले,
तर टेबलावर, किटलीशेजारी, जुन्या टॉवेलवर
आडवी पडलेली: पॉइंट टू-टू.
बोल्ट काढून बाजूला. नळी रिकामी.
त्याने तीनदा पाहिली, मला दोनदा पाहायला लावली.

मंगळवारी पोलिसांचा माणूस येणार.
परवाना परत करायचा, रायफल क्लबाला द्यायची,
आणि फॉर्मात एक रकाना: निर्मितीचे वर्ष.
"तू दिवसभर नंबरच वाचतेस," हेडली म्हणाला.
वाचते. अठरा वर्षं, औषधांच्या बाटल्यांवरचे,
कशाची मुदत कधी संपते ते.
कशाची सुरुवात कधी झाली
हे कुणी विचारलं नव्हतं.

चार. मग एक झिजलेला आकडा. मग एक शून्य सात.
झिजलेला तीन आहे, किंवा आठ.
टॉर्च तिरपा धरला: तीन.
भिंग लावलं: आठ.
चष्मा पुसला तर परत तीन.

बर्मिंगहॅमचा कारखाना कधीच उठला.
वह्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या, एक वाचली,
ती मिसेस ओडगर्स नावाच्या बाईंकडे.
त्यांचं पत्र आलं, सुईने टाचल्यासारख्या अक्षरात:
त्रेचाळीस हजार असेल तर १९१३, मार्च.
अठ्ठेचाळीस असेल तर १९२० च्या अलीकडे नाही.
मधली वर्षं आम्ही वेगळ्या रायफली करत होतो.

मधली वर्षं.
हेडलीचा बाप मधल्याच वर्षांत गेला,
बेल्जियमच्या चिखलात, सतरा साली.
हेडली तेव्हा दोन वर्षांचा.
ही बापाची रायफल, असं घरात म्हणायचे.
कोण म्हणायचं?
तो बराच वेळ किटलीकडे बघत राहिला.
"आई नाही म्हणायची," म्हणाला. "बाकीचे."

रिमफायर काडतुसाला मधोमध घाव लागत नाही.
काठावर टोला बसतो, आणि पेट घेतं.

"खांद्याला लाव," तो म्हणाला, "माशी दिसते का बघ."
मी पाच फूट एक. लावली.
गालाखाली दस्ता बरोबर बसला,
शिंप्याने माप घेऊन शिवल्यासारखा.
मागच्या पट्टीजवळ करवतीची रेघ:
कुणीतरी दोन इंच कापून काढले होते.
भिंतीवरच्या फोटोत बाप उभा,
दाराच्या चौकटीला डोकं टेकेल इतका उंच.

मग ड्रॉवरमधून तो चमचा निघाला.
मोजे, दोरा, बॅटऱ्या यांच्या खालून.
चांदीचा, काळा पडलेला, क्लबाचं बक्षीस.
दांड्यावर ए. यू., १९२२.
"मला वाटायचं," हेडली म्हणाला, "ही माझ्या बारशाची चूक."
चूक म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

पर्समध्ये दिवाळीची रांगोळी होती, चिमूटभर, पुडीत.
आकड्यांत भरली, बोटाने निपटली.
पांढरे आकडे उभे राहिले, एक सोडून.
तो तसाच, अर्धा उघडा, अर्धा मिटलेला.

माझी वही उघडीच होती.
पहिल्या संध्याकाळी मी त्यात लिहून ठेवलं होतं
४८१०७.
आपल्या लिपीत ३ आणि ८ यांचं तोंड कुठेच मिळत नाही.
हाताने कधीच ठरवून टाकलेलं,
मी मात्र चार दिवस टॉर्च फिरवत होते.

"काय लिहिलंयस?"
मी सांगितलं नाही. त्याचा अंगठा धरून नळीवर ठेवला.
चाळीस वर्षं गिरणीत कापडातल्या गाठी
न बघता शोधणारा अंगठा.
एकदा गेला. परत आला. थांबला.
"बंद आहे," तो म्हणाला. "डावीकडूनही."

वर्षाच्या रकान्यात मी १९२० लिहिलं, पुढे 'सुमारे'.
खाली, आधीचे मालक.
पेन थांबलं.
"ॲनिस अटली," हेडली म्हणाला.
"दोन एन लाव.
लोक एकच लावतात."