कौलभट्टीमागं

खानापुरात, बंद पडलेल्या कौलभट्टीमागं
शट्टुप्पानं आठ महिने काचेवर काच घासली.
बायको म्हणाली, एवढ्यात घर शाकारून झालं असतं.
नळी ड्रेनेजची, स्टँड मोडक्या शिलाई मशीनचा,
आरसा तेवढा स्वतःच्या हातचा.

लाईट गेली की पोरं जमतात,
मराठी शाळेतली, कन्नड शाळेतली,
एकाच रांगेत, ढकलाढकलीत.
“मामा, ह्याला कन्नडात काय म्हणायचं?”
“शनी.”
“आणि मराठीत?”
“शनीच की रे.”
कडं थरथरतं, निसटतं,
पुन्हा शोधावं लागतं.

काल भरमव्वा आली काठी टेकत.
“ह्यातनं पणजी दिसंल काय?
लेक हाय तिथं, हॉटेलात.”

शट्टुप्पानं नळी खाली घेतली,
जांबोटीच्या डोंगराकडं वळवली,
आणि डोळा कुठं लावायचा
ते तिला दाखवलं.