आठ सेकंदांचा पक्षी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, तिसऱ्या शेडमध्ये
मी टॉवेलवर चित्रं काढते.
म्हणजे संगणकावर चौकटी भरते फक्त,
काढतो तो लूम, आणि लूमवरचे इरय्यामामा,
ज्यांना बिघाडाआधीच मशीनचा बदललेला आवाज कळतो.

यंदा ऑर्डर आली भूमध्य समुद्रातल्या एका बेटावरून.
तीस खोल्यांचं हॉटेल. एप्रिलमध्ये तिथे
माणसं सुट्टी काढून पक्षी बघायला येतात,
मिठागराच्या काठी, दुर्बिणी लावून, पहाटे पाचला.
"सुट्टीत पाचला!" मडूर शेठ हसले
आणि लगेच रेट काढायला बसले.

सोबत फोटो. फिकट राखाडी पक्षी,
पंखांच्या टोकांना काळी पाचर, डोळा पिवळा.
खाली हॉटेलच्या बाईनं लिहिलेलं:
गेल्या वर्षी एकच आला. आठ सेकंद दिसला.
एक पाहुणे तेवढ्यावर रडले.
तुमच्याकडे असतो का हा?

नाव शोधलं. पांढुरका भोवत्या.
खाली हिवाळी मुक्कामांची यादी,
आणि यादीत, चहा तसाच हातात राहिला,
नान्नज.
जिथली द्राक्षं आम्ही पेटीनं आणतो, ते.

रविवारी स्कूटी काढली.
माळावर मायाप्पा मेंढरं वळवत होता.
फोटो बघून म्हणाला, "ह्ये व्हय?
थांबा की. दिस बुडाला की येत्यात निजायला."

थांबले. सलवारभर कुसळं.
मग एक आला, गवताला न शिवता
गवत चाचपत, अगदी खालून.
मग दुसरा. मग मोजत गेले मी
एकेचाळीसपर्यंत, पुढे अंधार.
मायाप्पा मोजत नव्हता. बिडी ओठांत धरून होता,
शेवटचा खाली बसेपर्यंत काडी ओढली नाही त्यानं.
"डोळा पिवळा असतो का?" मी विचारलं.
"डोळा कुटला दिसतोय येवढ्या लांबनं!"

सोमवारी शेठही तेच म्हणाले, वेगळ्या कारणानं.
एका ठिपक्यासाठी तिसरा रंग? परवडत नाही.
भांडले. हरले.
पहिल्या नमुन्यात डावा पंख सहा टाके आखूड आला.
"इदि गद्दा?" मामांनी विचारलं.
घार नाही मामा, म्हटलं, पण दुसरं नाव
तेलुगूत मला येत नव्हतं.
तो टॉवेल सेकंडमध्ये गेला, चाळीस रुपयांना
मीच घेतला. न्हाणीत खिळ्याला असतो.

मार्चअखेर पुन्हा गेले. माळ मोकळा,
नुसता वारा आणि मेंढरांच्या लेंड्या.
"गेले का?"
मायाप्पानं काठी आपटली.
"गेले म्हनू नये, बाई. येतो म्हनून जात्यात."

ते त्या बेटावरून जातात का, मला ठाऊक नाही.
पुस्तकात वाट बरीच उत्तरेची दाखवलीय.
पण त्याच आठवड्यात गठ्ठे ट्रकवर चढले,
चारशे ऐंशी पक्षी, घडी घातलेले, बिनडोळ्यांचे,
आणि उत्तर द्यायचं माझं राहूनच गेलेलं.

बसले लिहायला. आधी लिहिलं, एकेचाळीस.
ते रडणारे पाहुणे आठवले. खोडलं.
मग लिहिलं, हो, येतो.
इंग्रजीत लिहावं लागलं.
त्यात जायचं काही उतरलं नाही.