पाच सेकंद अलीकडे

चियातुरात रात्री नळ जातो, वीज राहते.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पावाच्या उरलेल्या टोकाशेजारी
काळ्या चौकटीत कर्सर लुकलुकतो
आणि मी टाईप करते :
इथपासून, इथपर्यंत,
आणि आहे तसंच उतरव.

झाझा तिबिलिसीहून म्हणाला, पाच मिनिटांचं कर.
चाळिसाव्या दिवशी लोक जेवायला येणार,
सतरा फायली कोण बघत बसणार?
बाबा खोकतात ते काढ.
खिडकीतली बाटली दिसते, तेही.

सतरा फायली.
रोपवेचा गंजलेला निळा पाळणा,
मँगनीजच्या दरीवर लोंबणारा.
चाक. पुन्हा चाक. ग्रीसने माखलेलं कुणाचं तरी कोपर.
तीन मिनिटं नुसतं धुकं,
कारण फोन बंद करायला ते विसरले.

कात्री नाही इथे. आकडे फक्त.
आणि तेही ऐकतातच असं नाही.
मी मागितलं एक मिनिट बारा,
मिळालं एक मिनिट सात.
प्रत्येक चित्र पूर्ण नसतं, म्हणे.
मधली चित्रं काय हललं तेवढंच लिहून ठेवतात,
सगळं जग असलेलं चित्र अधूनमधून एखादंच.
न विस्कटता कापायचं
तर त्याच्याच पायरीवरून निघायचं.

त्या पाच सेकंदांत ते खोकतात.
मग थेट माझ्याकडे बघून म्हणतात,
मझिया, चालू झालं का ग?

म्हणजे फोन मी धरला होता.
मला आठवत नाही.

नेमकं कापता येतं. येत नाही असं नाही.
अख्खी फाईल उसवून नव्याने विणायची,
लॅपटॉपचा पंखा तासभर घरघरेल,
खोकला जाईल,
आणि त्यांच्या गालावरचे खुंट थोडे पुसट होतील.

जोडायचं त्यापेक्षा अवघड.
तीन फायली उभ्या धरलेल्या, बाकीच्या आडव्या.
एकीचा आवाज दुसऱ्याच तालावर.
प्रोग्रॅम पिवळ्या अक्षरांत कुरकुरतो :
काळ चढत्या क्रमाने येत नाही.
माहीत आहे, मी म्हणते. रिकाम्या स्वयंपाकघरात, मोठ्याने.

नोदार पोलादी दोर सांधायचे तेव्हा
खाली रस्त्यावर लोक माना वर करून थांबत.
गाठ कधीच नाही. गाठ चाकावर अडते.
दोन्ही टोकांचे सहाही पेड सोडवायचे,
याचा काढून त्याच्या जागी त्याचा बसवायचा,
पीळ दोघांचा एकाच बाजूचा हवा,
नाहीतर सोड, घरी जा.
सांधा हाताला कळला तरी चालेल, म्हणत,
चाकाला कळता कामा नये.

म्हणून उभ्या तिन्ही आडव्या करून घेतल्या,
कडेला काळी पट्टी राहिली, राहू दे.
यादीत सतरा नावं एकाखाली एक लिहिली.
धुक्याचंही.

एकोणीस मिनिटं झाली.
झाझाचा फोन वाजतोय.
फाईलला नाव दिलं 'नोदार शेवटचं',
मग, एक आडवा अंगठा सुटला होता म्हणून,
'नोदार शेवटचं दोन'.