उघाडी

महाप्याला, दुसरी पाळी सुटल्यावर,
हेमांगी मढवी जांभळ्या दिव्याखाली
तंबाखूचं पान धरते.
जनुक बोलतं तिथे हिरवं,
गप्प केलंय तिथे लालभडक.

"गप्प करणारं एक प्रथिन असतं.
त्याच्या मुठीत चिठ्ठी. मजकूर जुळला
की कातरलाच."

आणि त्याला कोण आवरतं?

"त्याच्याच नावाची चिठ्ठी.
रोप लिहितं, त्याच्याच मुठीत देतं.
ते वाढलं की स्वतःचाच निरोप कापत बसतं.
उरतं बेताचं."

मग हातमोजा काढता काढता,
"घणसोलीच्या बांधाला आमची उघाडी होती.
भरतीला तिचं दार
पाणीच लावायचं,
आजोबा नुसते बिडी ओढत बसलेले."

दिवा बंद.
पान सगळं हिरवं.
कुठे काय गप्प आहे,
दिसत नाही.