बरं आहे

सुपीरियर सरोवराच्या काठी, कोर्टाच्या तळघरात,
कुत्र्यांचे परवाने देणाऱ्या खिडकीशेजारी माझं टेबल.
पाटीवर लिहिलंय: माजी सैनिक सहाय्य.
तरी लोक आधी कुत्र्याचाच अर्ज मागतात.
काही जण चुकून. काही मुद्दाम.

आर्विद लाहतिनेन मार्चमध्ये आला.
खाडीवरचा बर्फ अजून फुटला नव्हता,
बुटांचं पाणी फरशीवर, हातात मासेमारीचा डबा.
डब्यात गळ नव्हते. एकोणसत्तर सालापासूनचे कागद, घडीवर घडी,
आणि तळाशी राहून गेलेलं एक शिशाचं वजन.

कसं आहे, विचारलं.
म्हणाला, बरं आहे.

इथेच सगळ्यांचं अडतं.
तपासणीच्या खोलीत डॉक्टर पाठमोरा बसून विचारतो, कसं काय?
आणि तोफेशेजारी तेरा महिने काढलेला माणूस
सवयीनं म्हणतो, बरं आहे.
डॉक्टर तेच टाइप करतो.
मग पाकीट येतं: नामंजूर.

म्हणून बापाच्या वयाच्या माणसाला मी शिकवत बसते:
चांगल्या दिवसाचं नका सांगू, वाईट दिवसाचं सांगा.
'कधीकधी' म्हणायचं नाही. मोजायचं. आठवड्यातून किती रात्री?
गाऱ्हाणं नव्हे हे, हिशेब आहे.
तो खिडकीतून बाहेर बघतो.
तळघरातून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसतात.
म्हणतो, माझ्याहून वाईट अवस्थेतले किती तरी आहेत.
हेही सगळेच म्हणतात. दोन्ही पाय गेलेलेसुद्धा.
माझा स्वतःचा गुडघा? तो अर्ज खालच्या खणात आहे,
दुसऱ्या पानापासून कोरा.

डावा कान.
तीनदा विचारल्यावर एक शब्द दिला त्यानं: किटली.
पंचावन्न वर्षं शिट्टी वाजतेय
आणि चुलीवरून कुणी उतरवत नाही.

तुकडीच्या नोंदी सापडल्या नाहीत.
साक्षीदार? ड्वेन पेल्की. टेक्सासात मुलीकडे असतो,
हल्ली स्वतःचंही नाव विसरतो.
उरली बायको.
जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा, म्हटलं, दवाखान्याची भाषा नको.
पुढच्या गुरुवारी इर्या आली, पेन्सिलीनं लिहून.
शाई लागते म्हटल्यावर
तिथेच कोट न काढता बसली
आणि अक्षरन् अक्षर गिरवलं.

'लग्नाच्या वर्षापासून
डावीकडून हाक मारली की आर्विद ओ देत नाही.
पहिली एकवीस वर्षं मला वाटायचं, रागावलाय.
मी ताट ठेवून बाजूला व्हायचे.
मग आमच्या साउनाच्या छपराला आग लागली.
मी डावीकडून ओरडत होते,
हा शांतपणे लाकडं रचत होता.
तेव्हा कळलं.
त्याला कधी बोलले नाही.
तेव्हापासून मी त्याच्या उजवीकडून चालते.'

सहीआधी वाचून दाखवावं लागतं. मी वाचलं,
मोठ्यानं, त्याच्या उजव्या बाजूला उभी राहून.
तो डब्यातलं शिसं बोटांत फिरवत होता.
एकवीसपाशी थांबवलं मला.
परत वाच.
वाचलं.
तिच्याकडे न बघता म्हणाला, रागावलो नव्हतो गं.
माहीत आहे, ती म्हणाली, सही कर.

ऑगस्टमध्ये पाकीट आलं. दहा टक्के.
महिन्याचे तेवढे पैसे सरपणालाही पुरायचे नाहीत.
अपील करू, मी म्हटलं, वर्षाची मुदत असते.
बघू, म्हणाला.
उठता उठता: तिनं लिहिलेला तो कागद मला हवाय.

मूळ प्रत फाइलमध्येच राहते. नियम आहे.
मी झेरॉक्स काढली, झेरॉक्स फाइलला लावली,
मूळ त्याच्या डब्यात.
झेरॉक्समध्ये शाई नीट आली आहे.
खालची पेन्सिल उमटलेली नाही.